हरभऱ्याचं आडनाव

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



आज मी तुमच्याशी भाज्यांविषयी बोलणार आहे. भाज्यांच्या भावाविषयी नव्हे. त्यावर घरोघरी रोज चर्चा होतेच. मला बोलायचं आहे ते भाज्यांच्या लॅटिन नावांविषयी. मला लॅटिन येत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. मराठी विषय घेऊन मी बी. ए. झालो आणि पुढची सगळी वर्षं नोकरी करत, कविता लिहीत काढली. लॅटिनशी माझी ओळख झाली ती पत्र्याच्या पाट्यांमुळे. पुस्तकं नंतर आली.

१९९२ सालची गोष्ट. बी. ए.चा निकाल लागला होता आणि नोकरीचा पत्ता नव्हता. गावाजवळच्या एका शेतकी महाविद्यालयात भाजीपाल्याच्या वाफ्यांपुढे लावायला पाट्या रंगवून हव्या होत्या. माझं अक्षर बरं, म्हणून ते काम मला मिळालं. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं वर मराठी नाव लिहायचं आणि खाली लॅटिन. पत्रे मी घरी घेऊन यायचो आणि अंगणात बसून रंगवायचो.

आमचं आडनाव बागवान. बाग हा शब्द फारसी, त्याला राखणारा तो बागवान. प्रत्यक्षात आमच्याकडे राखायला बाग नव्हती. वडील मळेवाल्यांकडून भाजी घेऊन आठवड्याच्या बाजारात विकायचे. गुरुवारी आमच्या गावी, इतर दिवशी आसपासच्या गावांत. गिऱ्हाईक बाया त्यांना 'बागवानमामा' म्हणत. बाजारात ते मराठी बोलत, घरी आम्ही सगळे दखनी बोलत असू. त्यामुळे लहानपणापासून प्रत्येक भाजीला माझ्याकडे दोन नावं होती. बाजारात वांगी, घरात बैंगन. बाजारात कांदा, घरात प्याज. कोथिंबिरीला मात्र दोन्हीकडे जवळजवळ एकच नाव. घरी आम्ही 'कोतमीर' म्हणायचो आणि बाजारातल्या मावश्या 'कोथमीर'.

त्या पाट्यांनी तिसरं नाव आणलं. संध्याकाळी बाजारातून आल्यावर अब्बा वाळत ठेवलेल्या पाट्या बघायचे. ते चौथी शिकलेले. वरचं नाव त्यांना वाचता यायचं, खालचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "ये कौनसे मुलुख की जबान है रे?" मी म्हटलं, "लॅटिन. अब कोई नै बोलता." ते हसले आणि म्हणाले, "अच्छा है. फिर झगडा नै."

अब्बा सहज बोलून गेले, पण शास्त्रज्ञांचंही जवळपास तेच म्हणणं आहे. कुणाचीच मातृभाषा नसलेली भाषा सगळ्यांना चालते. युरोपात विद्वानांची भाषा शेकडो वर्षं लॅटिनच होती. १७५३ साली स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी 'स्पीशिज प्लांटारम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव देण्याची पद्धत रूढ केली. त्याआधी एकेका झाडाचं नाव म्हणजे एक लांबलचक वाक्य असे. दोन शब्दांपैकी पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्या झाडाचा स्वतःचा. आपल्या शाळेच्या हजेरीत जसं आडनाव आधी येतं, तसंच हे.

म्हणजे वांगं हे 'सोलॅनम मेलोंजेना' आणि बटाटा 'सोलॅनम ट्यूबरोसम'. दोघांचं आडनाव एक, म्हणून हे भाऊबंद. टोमॅटोची पाटी मात्र मी 'लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम' अशी रंगवली होती. ती पाटी आता चालायची नाही. लिनियस यांनी टोमॅटोला 'सोलॅनम'मध्येच बसवलं होतं. मधल्या काळात त्याला वेगळं बिऱ्हाड करून दिलं गेलं आणि पुढे अभ्यासाअंती त्याला परत भावांच्या घरी आणलं. आज त्याचं नाव 'सोलॅनम लायकोपर्सिकम'. दुसऱ्या शब्दाचा अर्थ आहे 'लांडग्याचा पीच'.

पाट्या रंगवताना एक शब्द सारखा हाताखालून जायचा. लसूण 'अ‍ॅलियम सटायव्हम', कोथिंबीर 'कोरिअँड्रम सटायव्हम', मुळा 'रॅफॅनस सटायव्हस', काकडी 'क्युक्युमिस सटायव्हस', वाटाणा 'पायसम सटायव्हम'. आम्ही रोज खातो तो भातसुद्धा 'ओरायझा सटायव्हा'. मला वाटलं, हा 'सटायव्हस' कुणी मोठा शास्त्रज्ञ असणार आणि या सगळ्या भाज्या त्यानं शोधल्या असणार. तिथल्या ग्रंथालयात एक जुना लॅटिन कोश होता. त्यात पाहिलं तर अर्थ निघाला: पेरलेला. माणसानं पेरलेलं, लावलेलं, रानात आपोआप न उगवलेलं. ज्या अनाम माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखलं आणि पेरलं, त्यांची एवढीच खूण नावात उरली आहे.

त्या दिवसापासून मला हा नाद लागला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे काही वाचलं, त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो.

आपल्या मेथीला लॅटिनमध्ये म्हणतात 'ट्रिगोनेला फीनम-ग्रीकम'. यातल्या शेवटच्या जोडशब्दाचा अर्थ 'ग्रीक गवत'. रोमन लोक मेथी गुरांना वैरण म्हणून घालत. हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे बाजारात कुणाला सांगू नकोस. शेपूचं नाव 'अ‍ॅनेथम ग्रॅव्हिओलेन्स'. 'ग्रॅव्हिओलेन्स' म्हणजे उग्र वासाचं. शेपूची भाजी पानात पाहून नाक मुरडणाऱ्या प्रत्येक मुलानं हे नाव पाठ करून ठेवावं, शास्त्र त्याच्या बाजूला आहे. आमच्या स्वयंपाकातलं काळं कलौंजी हे 'नायजेला सटायव्हा'. 'नायजेला' म्हणजे छोटंसं काळं. रमजानमध्ये सरबतात घालतो तो सब्जा 'ऑसिमम बॅसिलिकम', म्हणजे राजेशाही. त्याची सख्खी बहीण तुळस. तिचं लिनियस यांनी ठेवलेलं एक नाव 'ऑसिमम सँक्टम' असं होतं, म्हणजे पवित्र. आता 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम' हे नाव मानतात. त्याचा अर्थ नाजूक फुलांची. आडनाव दोघींचं एकच राहिलं.

काही ठिकाणी लॅटिन आणि मराठी यांची डोकी अगदी सारखी चालली आहेत. लॅटिनमध्ये 'रॅडिक्स' म्हणजे मूळ, त्यावरून इंग्रजीत रॅडिश आला. आपणही मुळावरूनच मुळा केला. लेट्यूस या पानभाजीचं लॅटिन नाव 'लॅक्टुका'. 'लॅक' म्हणजे दूध. देठ मोडला की पांढरा चीक येतो म्हणून. आपल्याकडे दूध भोपळ्याच्या वाट्याला आलं आणि तो दुधी झाला. आपली घोळाची भाजी 'पोर्टुलाका ओलेरेसिया'. रोमन लोकही घोळ खात. या नावाचा संबंध 'छोटं दार' या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, कारण तिचं बोंड पिकलं की झाकण उघडावं तसं उघडतं. घोळ निवडणाऱ्या बायकांनी हे दार नक्की पाहिलेलं असणार.

आणि कोबी! लॅटिनमध्ये 'कॉलिस' म्हणजे देठ, आणि देठवाली भाजी म्हणून कोबीही. त्यापासून पोर्तुगीजांचा 'कोव्ह' झाला आणि तो गोव्याच्या वाटेनं येऊन आपला कोबी झाला. डच लोकांनी त्याच शब्दाचा 'कोल' केला. त्यांचा 'क्नोलकोल' म्हणजे गड्ड्याचा कोबी, तो आपला नवलकोल. इंग्रजीतल्या कॉलिफ्लॉवरमध्ये अर्धा 'कॉलिस' आहे आणि अर्धं फूल. आपण मराठीत पहिला अर्धा टाकून दिला आणि नुसता 'फ्लॉवर' ठेवला. मंडईत कोबी, नवलकोल आणि फ्लॉवर शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. एकाच घरातली ही तीन माणसं तीन वेगवेगळ्या बोटींतून उतरली आहेत.

उलट दिशेनंही वाहतूक झाली. संस्कृतात वांग्याला 'वातिंगण' असा एक शब्द होता. तो इराणात जाऊन 'बादिंगान' झाला. अरबांनी त्याचं 'बादिंजान' केलं आणि स्पेनला नेलं. तिथून फ्रेंचांचं 'ओबर्जीन' झालं आणि पोर्तुगीजांचं 'बेरिंजेला'. मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये त्याचंच 'मेलोंजेना' झालं. इटलीत 'मेलानझाना' म्हणतात. तिथल्या लोकांनी त्या शब्दाची फोड 'वेडं सफरचंद' अशी करून टाकली आणि वांगं खाल्ल्यानं डोकं फिरतं अशी समजूतही जोडून दिली. पुढे पोर्तुगीज हाच शब्द घेऊन भारतात आले आणि इथल्या इंग्रजीत 'ब्रिंजल' झाला. म्हणजे आपण पाठवलेलं वांगं अर्धं जग फिरून वेष पालटून घरी आलं आणि आपणच त्याला परदेशी समजलो. मी 'सोलॅनम मेलोंजेना' ही पाटी रंगवत होतो तेव्हा आई आत 'बैंगन' चिरत होती. तो एकच शब्द आहे हे तेव्हा आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मिरीचं 'पायपर' हे आपल्या पिंपळीवरून. आलं 'झिंजिबर', हा शब्द संस्कृतातल्या शृंगवेरपर्यंत आणि त्यामागे दक्षिणेतल्या द्राविडी भाषांपर्यंत जातो. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकारानं लिहून ठेवलं आहे की त्याच्या काळी रोममध्ये पिंपळी पौंडाला १५ दिनार होती, पांढरी मिरी ७ आणि काळी ४. भूक सोडून नुसत्या तिखटपणासाठी माणसं पैसे मोजतात, याचं त्याला नवल वाटे. हा प्लिनी इसवी सन ७९ मध्ये, व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा मरण पावला. त्याच्या 'नॅचरॅलिस हिस्टोरिया' या ग्रंथाचे ३७ भाग आहेत. त्यातल्या मळ्यातल्या भाज्यांच्या भागाकडे मी पुन्हा पुन्हा इंग्रजी भाषांतरातून जातो. त्याचं कारण आता सांगतो.

प्लिनी म्हणतो, रोममधल्या थोर घराण्यांची नावं कडधान्यांवरून पडली आहेत. 'फाबा' म्हणजे मोठा घेवडा, त्यावरून फेबियस घराणं. 'लेन्स' म्हणजे मसूर, त्यावरून लेंट्युलस. 'सिसर' म्हणजे हरभरा, त्यावरून सिसेरो. ज्या घराण्यानं जे पीक उत्तम काढलं, त्याचं नाव त्याला मिळालं. व्हॅलेरियस हे आणखी एक मोठं घराणं. त्याच्या एका शाखेनं 'लॅक्टुका'वरून 'लॅक्टुसिनस' असं नाव घेतलं. त्या लोकांना भाजीवरून ओळखलं जाण्याची लाज वाटली नाही, असं प्लिनी मुद्दाम नोंदवतो.

मसुराचं थोडं सांगून पुढे जातो. काचेच्या भिंगाचा आकार मसुराच्या दाण्यासारखा, म्हणून त्याला 'लेन्स' म्हणू लागले. अरबीतही मसुराला 'अदस' आणि भिंगाला 'अदसा' म्हणतात. मी हे भाषण वाचतो आहे ते चष्म्यातून, म्हणजे मसुराच्या दोन दाण्यांतूनच म्हणा ना.

आता हरभरा. त्याचं शास्त्रीय नाव 'सायसर अ‍ॅरिएटिनम'. 'अ‍ॅरिएटिनम' म्हणजे एडक्यासारखा. हरभऱ्याचा दाणा हातावर घेऊन पाहा. पुढे चोच, दोन्ही बाजूंना वळलेली शिंगं, अगदी एडक्याचं डोकं. या हरभऱ्याचं आडनाव लावणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे रोमचा वक्ता मार्कस टुलियस सिसेरो. जन्म ख्रिस्तपूर्व १०६. त्याचं चरित्र प्लुटार्कनं लिहिलं आहे. प्लुटार्क आडनावाचं वेगळं कारण देतो: एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती. कारण काही असो, सिसेरो राजकारणात उतरला तेव्हा मित्र त्याला म्हणाले, हे नाव सोड किंवा बदल. तो ऐन तारुण्यात होता. त्यानं सांगितलं की स्कॉरस आणि कॅटुलस या नावांपेक्षाही मी सिसेरो हे नाव मोठं करून दाखवीन. पुढे सिसिलीत अधिकारी असताना त्यानं देवाला चांदीची एक वस्तू अर्पण केली. तिच्यावर मार्कस आणि टुलियस ही दोन नावं कोरायला सांगितली आणि तिसऱ्या नावाच्या जागी गमतीनं हरभऱ्याचा दाणा काढायला लावला.

श्रोतेहो, ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. कारण मी सिसेरोसारखा वागलो नव्हतो.

पाट्या रंगवत होतो त्याच सुमारास मी कविता लिहायला लागलो होतो. एका ज्येष्ठ कवींना दाखवल्या. भला माणूस. त्यांनी मन लावून वाचल्या, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या आणि मग म्हणाले, "कविता चांगल्या आहेत. पण या नावानं छापल्यात तर लोक कविता नंतर वाचतील, आधी नाव वाचतील. मग म्हणतील, वा, तुमचं मराठी छान आहे! तुम्हाला कवी म्हणून वाचायला हवं असेल तर एखादं टोपणनाव घ्या." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मराठीत टोपणनावाची परंपरा मोठी, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी एक छानसं नाव घेतलं. त्यात फूल होतं, नदी होती. ते नाव इथे सांगत नाही. त्या नावानं तीनेक वर्षांत माझ्या सात-आठ कविता छापून आल्या.

घरी मी हे सांगितलं नव्हतं. का नव्हतं, याचं उत्तर मला तेव्हाही नीट देता आलं नसतं.

त्या काळी कोथिंबिरीच्या जुड्या रद्दीच्या कागदात बांधून देत. अब्बा किलोनं रद्दी आणत आणि बुधवारी रात्री तिचे चौकोन फाडून ठेवत. फाडताना मोठी अक्षरं वाचायची त्यांना सवय होती. एका बुधवारी त्यांच्या हातात रविवारची पुरवणी आली. तिच्यात बाजारावरची एक छोटी कविता होती. त्यांनी ती हळूहळू, एकेक शब्द जोडत वाचली आणि मला हाक मारली. "हे बघ," म्हणाले, "कुणीतरी गुरुवारच्या बाजारावर लिहिलंय. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच लिहिलीय. हे त्याला कसं माहीत?" कविता म्हटली की अब्बा मराठीतच बोलत.

अब्बांच्या तराजूचं एक पारडं थोडं हलकं होतं. दोन्ही पारडी समतोल यावीत म्हणून ते त्याच्या खाली ओल्या चिंचेचा गोळा चिकटवत आणि गिऱ्हाइकाला रिकामा तराजू धरून दाखवत. हे आमच्या घराबाहेर कुणी लिहिलं नसतं. मी म्हटलं, "ती माझी आहे."

त्यांनी कवितेखालचं नाव पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अपना नाम क्या बुरा था रे?"

मी त्यांना त्या ज्येष्ठ कवींचं सगळं म्हणणं समजावून सांगितलं. वाचक, कविता, परंपरा, टोपणनाव. त्यांनी ऐकून घेतलं. तो कागद मात्र त्यांनी फाडला नाही, घडी करून पेटीत ठेवला. बाकीचे कागद फाडायला घेतले. मी शेजारी बसून फाडू लागलो. पुढची कविता मी बागवान या नावानं पाठवली. ती परत आली. त्यानंतरची छापून आली. 'तुमचं मराठी छान आहे' हे वाक्य मी आजवर अनेकदा ऐकलं आहे आणि त्यावर 'तुमचंही' असं म्हणायला शिकलो आहे.

प्लिनीचा तो भाग मला जवळचा वाटतो तो यासाठी. भाजीपाल्यावर लिहिताना तो थोडा संकोचलेला आहे. इतक्या लहान गोष्टींना शब्दांचा मान मिळवून देणं किती अवघड आहे, हे व्हर्जिलनंसुद्धा कबूल केलं आहे, अशी तो आठवण देतो. व्हर्जिल हा रोमचा महाकवी. 'जॉर्जिक्स' हे त्याचं काव्य शेतीवर आहे. त्यात मळ्याच्या विषयाशी येऊन तो थांबतो आणि हा विषय मी मागून येणाऱ्यांसाठी ठेवतो असं सांगतो. पुढच्या शतकात स्पेनमधून आलेल्या कॉल्युमेला नावाच्या लेखकानं हे मनावर घेतलं. त्याचा शेतीवरचा बारा भागांचा ग्रंथ गद्यात आहे; दहावा, भाजीच्या मळ्याचा भाग तेवढा त्यानं पद्यात लिहिला. याच कॉल्युमेलानं कांद्याविषयी लिहिताना खेडूत लोकांचा एक शब्द टिपून ठेवला: 'युनिओ'. कांद्याचा शिष्ट लॅटिन शब्द 'सेपा'. शास्त्रीय नावात 'अ‍ॅलियम सेपा' असा तोच आहे. पण इंग्रजीत ऑनियन म्हणून जो पोचला तो खेडुतांचा 'युनिओ'. एका लेखकानं शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द हलका मानला नाही, म्हणून त्याचा माग आपल्याला लागतो.

आणखी एक लॅटिन कविता आहे, 'मोरेटम' नावाची. पूर्वी ती व्हर्जिलचीच समजत, आता कवी अज्ञात मानतात. तिचा नायक सिम्युलस नावाचा गरीब शेतकरी. थंडीच्या दिवसांत कोंबडा आरवल्यावर तो अंधारात उठतो, चूल चाचपडताना निखाऱ्यानं बोट पोळून घेतो. मग स्वतः जात्यावर दळायला बसतो. एक हात दमला की दुसरा लावतो आणि श्रम हलके व्हावेत म्हणून गाणी म्हणतो. आपल्याकडे जात्यावर बायका ओव्या गातात. तिथे हा बाप्या गातो आहे. मदतीला एकच बाई आहे, आफ्रिकेतून आलेली. भाकरी भाजत असताना तो झोपडीमागच्या मळ्यात जातो. मळा छोटा, पण त्यात सगळं आहे. मात्र त्यातलं चांगलं तो स्वतः खात नाही. दर आठवडी बाजाराला मोळी खांद्यावर घेऊन शहरात जातो आणि हलक्या खांद्यानं परत येतो.

हे वाचताना मला आमचं घर दिसलं. अब्बांच्या पाटीतली टवटवीत जुडी आमच्या घरी कधी आली नाही. यायची ती बाजार उठल्यावर उरलेली, मान टाकलेली. आई ती पाण्यात बुडवून ठेवायची आणि सकाळी ताजी झाल्यासारखी दिसायची.

सिम्युलस त्या सकाळी लसणाचे चार गड्डे, ओव्यासारख्या वासाचा पाला, रू नावाची कडू वनस्पती आणि कोथिंबीर आणतो. मीठ आणि चीज घालून खलात कुटतो. वास नाकात चढतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि तो मनगटानं डोळे पुसत बिचाऱ्या धुराला शिव्या घालतो. कुटता कुटता प्रत्येकाचा रंग हरवतो आणि मिळून एक नवाच रंग येतो, असं कवी सांगतो. अमेरिकेच्या मुद्रेवर 'अनेकांतून एक' अशा अर्थाचे जे लॅटिन शब्द आहेत, जवळपास तेच शब्द या चटणीच्या वर्णनात येतात. मिरची तेव्हा युरोपातही नव्हती आणि आपल्याकडेही नव्हती, ती पुढे अमेरिकेतून आली. नाहीतर हा आपला ठेचाच म्हणायचा.

या चटणीतल्या कोथिंबिरीचं नाव तर सगळ्यांत जुनं. क्रीट बेटावर नोसॉस इथे मातीच्या वडग्या सापडल्या, त्यांवरची लिपी मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ साली उलगडली. त्या वडग्यांवर काव्य नव्हतं, हिशेब होते. कोठारात काय आलं, किती आलं. त्यात कोथिंबिरीचं नाव आहे, 'को-रि-या-दा-ना'. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं लिहिलेलं. अब्बांच्या वहीत असायचं, 'कोथमीर ४० जुडी, शिल्लक ६'. ती वही माझ्याकडे आहे, त्या घडी केलेल्या कागदाबरोबर. अब्बा २००९ साली गेले.

जाता जाता लिनियस यांचंही सांगतो. जगातल्या झाडांना नावं देणाऱ्या या माणसाचं आडनाव त्याच्या वडिलांनी घेतलेलं होतं. तोवर त्या घराण्यात आडनावाची रीत नव्हती. विद्यापीठात नाव घालताना आडनाव लागलं, तेव्हा घराण्याच्या जमिनीवर लिंडेनचं एक मोठं झाड होतं, त्यावरून त्यांनी लिनियस असं लावून घेतलं.

माझी एक विनंती आहे. पुढच्या खेपेला बाजारात गेलात आणि ओळखीची नसलेली पालेभाजी दिसली, तर भाव विचारण्याआधी विकणाऱ्या बाईला तिचं नाव विचारा. चाकवत, चंदनबटवा, पाथरी, घोळ ही नावं माझ्या लहानपणी सगळ्यांना येत होती. आता अनेक घरांत मुलं भाजीला नुसतं 'ग्रीन' म्हणतात. शास्त्रीय नाव ग्रंथात सुरक्षित आहे, त्याची काळजी नको. बाजारातलं नाव मात्र ती बाई सांगेल तेवढंच आहे. ते एका कागदावर लिहून ठेवा. आणि जमलं तर तिचं स्वतःचं नावही विचारा.